मार्शल यांनी जंतू प्यायले, पण सिद्ध काय झालं?

मायक्रोबायोलॉजीच्या वर्गात ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः प्यायले, त्यांना अल्सर झाला आणि अल्सरचं कारण सिद्ध झालं. पुढे २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. नोबेल खरं आहे, पण अल्सरचं काय? मूळ पेपर उघडून बघा.

१९८५ चा हा पेपर ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त आला. स्वयंसेवक एकच, आणि प्रयोगाआधी त्याच्या जठराचं अस्तर निरोगी होतं. जंतू घेतल्यावर सौम्य आजार झाला, तो १४ दिवस टिकला. दहाव्या दिवशी जठराला सूज, म्हणजे गॅस्ट्रायटिस दिसला. चौदाव्या दिवसापर्यंत तोही बराचसा ओसरला. अल्सर झालाच नाही! हा संसर्ग जुनाट होऊन पुढे अल्सरला वाट करून देत असावा, एवढंच लेखकांनी सुचवलं. शीर्षकातसुद्धा कॉखचे निकष पूर्ण करण्याचा ‘प्रयत्न’ असंच म्हटलंय.

या संयमासाठी हा पेपर मला आवडतो. पण पुरावा म्हणून तो तोकडा आहे. एकच माणूस, तुलनेला दुसरं कोणी नाही. शिवाय कॉखचा पहिला निकष इथे अडतो: रोगजंतू निरोगी माणसात सापडू नये. हा जंतू तर कोट्यवधी लोकांच्या पोटात असतो आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर होत नाही.

मग वजनदार पुरावा कुठला? मार्शल आणि सहकाऱ्यांचाच १९८८ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर वाचा. ड्युओडेनल अल्सरचे १०० रुग्ण, वर्षभर पाठपुरावा. ज्यांच्यात जंतू टिकून राहिले, त्यांच्यापैकी ८४ टक्के जणांचा बरा झालेला अल्सर उलटला. जंतू गेले, तिथे हे प्रमाण फक्त २१ टक्के. जंतू काढला की रोग परतणं कमी होतं, हा युक्तिवाद एका माणसाच्या धाडसापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना ‘या जंतूमुळे अल्सर होतो’ या वाक्यापुढे १९८५ चा संदर्भ टाकू नका. वाक्य बरोबर, पण संदर्भ चुकीचा, असं होईल. आणि व्हायव्हामध्ये परीक्षक नेमका तोच पेपर वाचून आलेला असू शकतो.