अनुकृत यंत्र आणि चित्रतुरग

जुने हातसंगणक आधुनिक यंत्रावर पुन्हा चालते करण्याच्या उद्योगाकडे बहुधा केवळ छंद म्हणून पाहिले जाते. वस्तुतः अनुकरणाच्या स्वरूपाविषयीचा एक प्राचीन प्रश्न त्यातून नव्याने उपस्थित होतो.

नटाच्या अनुकरणाची उपपत्ती लावताना श्रीशंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त योजला. चित्रातील घोडा पाहून होणारी ‘हा घोडा’ ही प्रतीती सत्य, मिथ्या, संशय वा सादृश्य यांपैकी कोणत्याच कोटीत बसत नाही. हा दृष्टान्त इम्युलेटरला कितपत लागू पडतो?

१९९६ साली अमेरिकेत विक्रीस आलेला ‘पायलट’ हा पाम मालिकेतील पहिला हातसंगणक घ्यावा. इम्युलेटर त्याच्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा वाचतो आणि तिचे कार्य नव्या यंत्राकडून करवून घेतो. २०२२ साली इंटरनेट आर्काइव्हने या मालिकेचे शेकडो प्रोग्रॅम अशाच रीतीने ब्राउझरमध्ये खुले केले. तेथे केलेली बेरीज ही बेरजेचे चित्र नव्हे; ती बेरीजच होय. चित्रातील घोड्यावर बसता येत नाही, हा घोडा मात्र धावतो. गणनेच्या प्रांतात अनुकृती आणि मूळ यांतील भेद जवळजवळ लोप पावतो, आणि तेथे शंकुकाचा दृष्टान्त अपुरा ठरतो.

परंतु पायलट हे केवळ गणनेचे यंत्र नव्हते. ‘ग्राफिटी’ या त्याच्या लेखनपद्धतीत आडव्या रेघेवाचून ‘ए’ काढावा लागे. यंत्राने माणसाचे अक्षर ओळखण्याऐवजी माणसानेच यंत्रासाठी आपले वळण बदलले होते. लेखणीखालचा तो पृष्ठभाग माऊसने ओढलेल्या रेषेत नाही. दोन छोट्या बॅटऱ्या वेळीच न बदलल्यास स्मृतीतील सारी नोंद पुसली जाई. इम्युलेटरमध्ये हे भय उरत नाही. येथे मात्र घोडा चित्रातलाच राहतो.

म्हणून ‘जुने यंत्र जतन झाले’ हे विधान सरसकट करणे अभ्यासकास परवडणारे नाही. नाटकाची संहिता हाती आली म्हणजे प्रयोग हाती आला, असे कोणी मानीत नाही. तोच विवेक येथेही हवा. इम्युलेटर संहिता वाचवितो, आणि तिचा प्रयोगही काही अंशी घडवितो. हाताला पडलेले वळण आणि नोंद गमावण्याची धास्ती यांसाठी मूळ वस्तू व तिच्या वापराची तपशीलवार वर्णने जपावी लागतील. ती वर्णने लिहू शकणारी पिढी आज हयात आहे. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.