एकाची निवड, दोघांचे आयुष्य : ‘स्मृतिचित्रे’मधील धर्मांतराचा परिणामविचार

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) या आत्मचरित्राची मराठी समीक्षेने मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. परंतु ही प्रशंसा बहुतांशी निर्व्याज शैली, विनोदबुद्धी आणि पतिनिष्ठा या तीन गुणांभोवतीच फिरत राहिली. त्यामुळे ग्रंथाच्या गाभ्याशी असलेला एक नैतिक प्रश्न काहीसा झाकोळला गेला. एका व्यक्तीने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून केलेली निवड दुसऱ्या व्यक्तीचे आयुष्य मुळापासून बदलून टाकते, तेव्हा त्या परिणामांचे उत्तरदायित्व कोणाचे? ख्रिस्ती विचारपरंपरेला हा प्रश्न नवा नाही. मराठीत मात्र तो इतक्या घरगुती भाषेत क्वचितच मांडला गेला असेल.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या ‘नव्या करारा’पासून सुरू झालेले त्यांचे मनोमंथन सुमारे दोन वर्षे चालले होते. या मंथनात पत्नीला स्थान नव्हते. निर्णय झाल्यावर त्याचे परिणाम तेवढे तिच्या वाट्याला आले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा सत्तावीसच्या आसपास आणि पदरी लहानगा दत्तू. पती हयात असल्यामुळे त्या विधवा नव्हत्या, आणि पती जातीबाहेर गेल्यामुळे संसारही उरला नव्हता. या स्थितीला तत्कालीन ब्राह्मण समाजाच्या कोशात शब्दच नव्हता. पुढील जवळजवळ पाच वर्षांचा काळ त्यांनी बव्हंशी आप्तांच्या आश्रयाने काढला.

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मराठी गद्यात ‘साक्ष’ हा प्रकार रूढ होता. त्यात बाप्तिस्म्याच्या रेषेने आयुष्याचे दोन भाग पडतात, अलीकडे अंधार आणि पलीकडे प्रकाश. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राचे शीर्षकच या मांडणीची ग्वाही देते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही रेषा निवेदिकेने ओढलेली नाही. ती दुसऱ्याने ओढली आणि निवेदिकेच्या अंगावरून गेली. परिणामी येथे कारणांच्या आधी परिणाम येतात. निर्णयाची तात्त्विक बाजू वाचकाला फार उशिरा, तीही तुकड्यातुकड्यांनी कळते. या रचनेला कलात्मक योजना म्हणणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल, परंतु तिचा नैतिक परिणाम नाकारता येत नाही.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या संदर्भात दोन सूत्रे परस्परांशी ताण धरून आहेत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्यत्वापुढे आप्तसंबंधही गौण ठरतात. उलट करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल असे सांगतो की, विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहावयास राजी असेल तर त्याला टाकू नये. टिळकांनी बाप्तिस्मा घेताना पहिले सूत्र स्वीकारले आणि पुढील पाच वर्षे ते दुसऱ्या सूत्राच्या कक्षेत वावरले. धर्मांतरित व्यक्तीचा जोडीदार सोबत राहण्यास तयार नसेल तर विवाहबंधन तोडण्याची सोय १८६६ च्या कायद्याने उपलब्ध होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. या प्रतीक्षेबद्दल त्यांचा जो गौरव केला जातो तो अयोग्य नव्हे, पण अपुरा आहे. प्रतीक्षा करणारा आपल्या निवडीच्या समाधानात होता आणि जिची प्रतीक्षा चालली होती तिच्यापुढे निवड म्हणावी असे काही ठेवलेलेच नव्हते. क्षमा अपराधाचे ओझे उतरवते, घडलेल्या गोष्टीचे परिणाम मागे घेत नाही, हा ख्रिस्ती नीतिविचार ‘स्मृतिचित्रे’त कोठेही सिद्धान्तरूपाने येत नाही. तरी लक्ष्मीबाई पतीला मनोमन क्षमा करतात आणि त्या वर्षांतील एकही अवहेलना सांगावयाची सोडत नाहीत.

लक्ष्मीबाईंचा १९०० मधील बाप्तिस्मा या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. पतीजवळ परतल्यावरही सोवळे-ओवळे सांभाळणाऱ्या या स्त्रीने आधी जातिभेद सोडला आणि धर्म नंतर स्वीकारला. हा क्रम महत्त्वाचा आहे. जाती माणसाने निर्माण केल्या, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला. तो काढताना धर्मग्रंथाइतकीच, किंबहुना अधिक, बालपणाची स्मृती उपयोगी पडली असावी. ग्रंथाच्या आरंभी वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाच्या ज्या हकिकती येतात, त्या केवळ हसण्यासाठी वाचल्या तर हा दुवा हातून निसटतो. टिळकांच्या निर्णयाचा परिणाम म्हणून सुरू झालेली वाटचाल येथे लक्ष्मीबाईंच्या स्वतंत्र निवडीपाशी पोहोचते. जोसेफीन इंकस्टर यांच्या १९५० मधील इंग्रजी अनुवादाचे ‘आय फॉलो आफ्टर’ हे शीर्षक म्हणूनच खटकते. ते लक्ष्मीबाईंना पतीच्या पावलांवर पाऊल ठेवावयास लावते. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाने मूळ नाव राखले असले, तरी उपशीर्षकात पत्नीपद आहेच. मराठीतर वाचकाला या ग्रंथाची ओळख अशा अनुवादांतूनच होते, हे येथे विसरता येत नाही.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचे ठरविले, तेव्हा पुन्हा निर्णय त्यांचा आणि संसाराचा जमाखर्च लक्ष्मीबाईंचा, असाच प्रकार झाला. या वेळचे निवेदन मात्र वेगळे आहे. त्यात तक्रार आहे, थट्टा आहे, आणि पूर्वीची हतबलता नाही. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरेच होते. त्यातील बहुतांश अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले. पतीचा अपुरा संकल्प पत्नीने पूर्णत्वास नेला, एवढेच त्याविषयी सांगण्याची पद्धत आहे. परंतु ज्या धर्मनिर्णयाने एकेकाळी त्यांना बेघर केले, त्याच धर्माच्या कथेची त्या स्वतःच्या हक्काने निवेदिका झाल्या. ‘ख्रिस्तायना’तील त्यांचे अध्याय या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवून वाचावयास हवेत.