शेवटचं ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आपण काय खावं याची १७ सूत्रं सांगितली. सोबत आदर्श ताटही मांडलं. माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी. आमच्या घरात खाणारी मोठी माणसं चार. म्हणजे रोजच्या नुसत्या भाज्याच १ किलो ६०० ग्रॅम! चांदवडच्या बाजारातून एवढी पिशवी आणायची म्हणजे रेणुकामातेच्या पायऱ्या चढण्यासारखंच.

जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, लोह अंगी लागत नाही, हेही त्यात आहे. ते खरंच आहे. (पण जेवून उठलेल्या पाहुण्याला "चहा तासाभरानं" म्हटलं, तर तो मुक्कामच ठोकेल!)

माझी तक्रार निराळी. शास्त्रज्ञांनी ताट मांडलं, पंगत नाही मांडली.

परवा जेवणं उरकल्यावर मी सौ.ला सगळं मोठ्यानं वाचून दाखवत होतो. ती तेव्हा कुठे पानावर बसत होती.

"शेवटी बसणारीचे ग्रॅम किती लिहिलेत हो?" तिनं विचारलं.

मी कढईत डोकावलो. तळाला चमचाभर मेथी होती. घरात वजनकाटा नाही, तेच बरं.