एका नावाच्या तीन बाटल्या

कागदाच्या पट्टीवर रोजमेरीच्या तेलाचा एक थेंब टाकला, पट्टी टेबलावर ठेवली आणि चहा आणायला आत गेलो. परत येतो तर आई दारात उभी. "बाम कुणी लावलाय? डोकं दुखतंय का तुझं?"

आईची चूक नव्हती. अरोमाथेरपीच्या पुस्तकांत या तेलाला 'ताजंतवानं', 'प्रसन्न' अशी विशेषणं चिकटवलेली असतात. त्यातून आपल्या नाकाला काही कळत नाही. तेल परकं असलं तरी त्यातली मंडळी ओळखीची आहेत. पट्टी नाकाशी धरली की पहिल्याच श्वासात सिनिऑल येतं. निलगिरीच्या तेलाचा जीव तो हाच, सर्दीत रुमालावर दोन थेंब टाकतात ते. त्याला लागूनच पाइनीन : टर्पेंटाइनचा, रंगाऱ्याच्या डब्यातला कोरडा झणका. मग कापूर. आरतीत जळतो तो नव्हे. डबीचं झाकण उघडताना येतो तो, थंड आणि टोचरा. दहा-पंधरा मिनिटांत ही गर्दी पांगते आणि तळाशी बोर्निओल, बॉर्निल ॲसिटेट यांचा मऊ, पाइनच्या झाडाखाली येतो तसा वास उरतो. वनस्पती तुळशीच्या कुळातली, पण तुळशीचा गोडवा हिच्यात नाही. सुवास, परिमळ, घमघमाट हे शब्द इथे चालत नाहीत. दर्प म्हणायला हवं, आणि मी ते कौतुकानं म्हणतो आहे.

लॅटिनमध्ये 'रोस' म्हणजे दव आणि 'मारिनुस' म्हणजे समुद्राचं. नाव सुंदर, पण तेलात ना दव सापडतं ना समुद्र. भूमध्य सागराभोवतीच्या खडकाळ, उन्हानं करपलेल्या उतारांवर वाढणारं हे झुडूप. पानं सुईसारखी अरुंद, कडा खाली मुडपलेल्या, सगळी रचना पाणी वाचवण्याची. तेल असतं पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत. पाल्यातून वाफ सोडली की ते वाफेबरोबर निघतं, आणि वाफ गार झाली की पाण्यावर पातळ थर होऊन तरंगतं. पाल्याच्या वजनाच्या मानानं ते अगदीच थोडं. (हल्ली घरोघरी खोबरेल तेलात रोजमेरीच्या काड्या उकळतात. ते तेल चांगलंच असेल, पण बाटलीतल्या अर्काशी त्याची गाठ घालू नये. एकात झाडाची ओझरती ओळख असते, दुसऱ्यात त्याचा उग्र गाभा.)

आता खरी गंमत. माझ्यासमोर तीन बाटल्या आहेत आणि तिन्हींवर नाव एकच. जुन्या पोथ्यांत एकाच ओवीचे पाठभेद सापडावेत तसा हा प्रकार. झाड तेच, पण माती आणि हवा बदलली की तेलाचा मजकूर बदलतो. ट्युनिशिया-मोरोक्कोकडच्या तेलात सिनिऑल जवळजवळ निम्मं. ते वाफाऱ्याला, चोंदलेल्या नाकाला, सुस्तावलेल्या दुपारला. स्पेनच्या तेलात कापराचा वाटा मोठा. ते आखडलेल्या मानेला, धावून आलेल्या पोटऱ्यांना, अर्थात दुसऱ्या तेलात मिसळून. कोर्सिका बेटावरचं तिसरं. त्यात व्हर्बेनोन नावाचं द्रव्य ठळक आणि पहिल्या दोघांचा जोर कमी. अरोमाथेरपीवाले ते त्वचेसाठी राखून ठेवतात. म्हणून नुसतं 'रोजमेरी कशावर चालते?' असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठली?

रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचं 'अरोमातेरापी' हे पुस्तक १९३७ साली आलं. त्यानंतर सुगंधी तेल म्हणजे मन शांत करणारी वस्तू असा एक सरसकट समज झाला आहे. त्या समजुतीपायी मीही एकदा झोपण्यापूर्वी डिफ्यूझरमध्ये स्पेनचे पाच थेंब टाकले आणि रात्री दोनपर्यंत पुस्तकांचं कपाट आवरत बसलो. नाक आधीच सांगत होतं, मी ऐकलं नाही. झोपवणारं ते लॅव्हेंडर, हे उठवणारं.

या उठवण्याचा संबंध युरोपनं फार पूर्वीपासून आठवणीशी जोडला आहे. 'हॅम्लेट'मधली भ्रमिष्ट ऑफेलिया फुलं-पाला वाटत सुटते, तेव्हा रोजमेरी देते ती आठवण ठेवण्यासाठी. ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला, अँझॅक दिनी, लोक तिची डहाळी छातीवर लावतात; गॅलिपोलीच्या ज्या भूमीवर त्यांचे सैनिक पडले तिथे ती रानोमाळ उगवते. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या मार्क मॉस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली १४४ जणांवर हे तपासून पाहिलं. रोजमेरीच्या वासात बसलेल्यांच्या स्मरणाची गुणवत्ता वाढली, ते अधिक सावधही वाटले; पण आठवायला त्यांना वेळ जास्त लागला. जाहिरातींत पहिला भाग येतो, दुसरा गळतो. मला दुसराच आवडतो. हा वास घाई करवत नाही, शोधायला लावतो.

केसांचं काय, हा प्रश्न टळणार नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टक्कल पडू लागलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना रोजमेरीचं तेल दिलं, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी कुणालाच फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखाच. नुसत्या साध्या तेलाचा तिसरा गट मात्र नव्हता, त्यामुळे माझा उत्साह बेताचाच. तरीही लावायचं तर ३० मिलीलीटर खोबरेल तेलात १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के. तेवढ्यानं वासही माणसात येतो. थेट टाळूवर ओतलं तर आग होईल. पोटात घेऊ नये. फिट येणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी याच्यापासून लांब राहावं आणि तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ तर बाटलीही नेऊ नये. कापूर आणि सिनिऑल तिथे खेळ नव्हेत.

आईला त्या दिवशी तिन्ही पट्ट्या हुंगायला लावल्या. ट्युनिशियाला ती म्हणाली, "निलगिरी." स्पेनला, "हाच मघाचा बाम." तिसरी, कोर्सिकाची, तिनं जरा लांबच धरली, मग जवळ घेतली, पुन्हा हुंगली.

"याला औषधाचा वास नाही," ती म्हणाली. "हे झाड आहे कुठलं तरी. उन्हात तापलेलं."