अर्जाचे निरूपण



चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत. अक्षर बरे आहे म्हणून गावातली मंडळी सरकारी अर्ज दाखवायला आणतात. गेल्या महिन्यात असाच एक अर्ज हाती आला. त्यावर चार शब्द बोलणे मला भाग आहे.

आमच्या रस्त्यावर डांबराचे दोन थर चढले, पण साईडपट्टीवर मुरूम पडला नाही. डांबराची कड वीतभर उंच राहिली. खाली चर, चरात पाणी, भोवती वेड्या बाभळीचे काटे. एकादशीच्या पहाटे दिंडी निघाली असता, डोईवर तुळस घेणारी आमची आजी गाडीला वाट द्यायला बाजूला झाली आणि त्या कडेवरून पडली. खुब्याचे हाड मोडले. तीस वर्षे न चुकलेली तिची वारी थांबली.

त्या संबंधीचा हा अर्ज मी दोनदा वाचला. अर्धे पान साहेबांचा गौरव, मग संप्रदायाची थोरवी, मग प्रशासनाचा निषेध आणि आंदोलनाचा इशारा. शेवटी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. आजी कुठे पडली, कड किती उंच, नेमके काय करून हवे, याविषयी एक अक्षर नाही. नमन झाले, पसायदान झाले, निरूपणाचा अभंग मात्र घ्यायचाच राहिला, अशी ही गत!

अर्ज होता ग्रामपंचायतीच्या नावे आणि रस्ता जिल्हा परिषदेचा. वाचकहो, आधी दार ओळखावे. गावठाणातला रस्ता ग्रामपंचायतीचा. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. कडेचा दगडही सांगतो: पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्यमार्गाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल, तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते.

तक्रार करणे आपल्या परंपरेला वर्ज्य नाही. नामदेवराय रुसले, जनाबाई देवाशी भांडली, तुकोबारायांनी देवाला खडे बोल सुनावले. पण कुणाशी बोलायचे आणि काय मागायचे, याचा गोंधळ त्यांच्या भांडणात कुठेच नाही. आपल्या अर्जात राग पुष्कळ आहे, मागणे नाही.

आणखी एक दोष सांगतो, तो आपल्याच पदरचा. अर्जात आषाढीपूर्वी दुरुस्ती मागितली होती. का? पालखी एक दिवस जाते. त्या साईडपट्टीवरून शाळेची पोरे, दूधवाले, शेतावर जाणाऱ्या बाया वर्षभर जातात. त्यांच्या पायांना काटे बोचत नाहीत काय? आणि सप्ताहाच्या मांडवासाठी त्याच पट्टीत खड्डे खणणारे, पत्रावळ्यांनी गटार तुंबवणारे आपणच. ते खड्डे आपण बुजवतो का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

मी तो अर्ज नव्याने लिहिला. सात ओळींत संपला. मोरीपासून शाळेच्या फाटकापर्यंतची उजवी बाजू. कड वीतभर उंच. अमुक तिथीला अपघात, सोबत फोटो. मुरूम भरून रोलर फिरवावा, बाभळी तोडाव्या, चराला उतार द्यावा. दोन प्रती केल्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, कारण पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे. महिन्याने उत्तर आले नाही, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्जाचे पुढे काय झाले ते विचारायचे. त्याचे उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. यात आरडाओरडा नाही, चिकाटी आहे. नेम धरून वारी करणाऱ्याला ती शिकवावी लागू नये.

मुरूम अजून पडलेला नाही. सोमवारी गावातली दोन पोरे पोच घेऊन पुन्हा कचेरीत जाणार आहेत. आजी अंथरुणावरून विचारते, "बुवा, कड भरली का हो?" मी म्हणतो, "नाही आजी. पण आता अर्ज योग्य दारी गेला आहे, आणि आम्ही ते दार सोडणार नाही."

राम कृष्ण हरी.