गरीब नसलेली प्रार्थना

संत फ्रान्सिसच्या नावावर असलेली शांतीची प्रार्थना सगळ्यांनाच आवडते. चर्चमध्ये, शाळेत, व्यसनमुक्तीच्या बैठकांत ती म्हटली जाते. मदर तेरेसांनी 1979 साली ऑस्लोमध्ये नोबेलचं भाषण याच प्रार्थनेने सुरू केलं. दीनदुबळ्यांविषयीच्या ख्रिस्ती करुणेचा नमुना म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं जातं. माझी अडचण साधी आहे: या प्रार्थनेत गरीब माणूस कुठेच नाही. भुकेला नाही, आजारी नाही. (शब्दाने शब्द तपासून पाहिलं, धंद्याची सवय.) द्वेष आहे, शंका आहे, निराशा, अंधार, दुःख आहे, पण हे दुःख कुणाचं, ते कळत नाही.

ती फ्रान्सिसची नाहीच. 1912 साली पॅरिसच्या 'ला क्लोशेत' नावाच्या छोट्या धार्मिक मासिकात ती फ्रेंचमध्ये, लेखकाच्या नावाशिवाय छापून आली. 1916 मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने ती छापली. पुढे ती फ्रान्सिसच्या चित्रामागे छापली गेली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. युद्धात तिची ही अमूर्तता कामाची होती, हे मान्य. खंदकाच्या दोन्ही बाजूंना ती म्हणता येते.

पण फ्रान्सिसवर यात अन्याय झाला. 1226 मध्ये, मरणाच्या वर्षी, त्याने जे मृत्युपत्र सांगितलं, त्याची सुरुवातच कुष्ठरोग्यांपासून होते. त्यांच्याकडे बघणंही त्याला कडू वाटे. त्यांच्यात राहून आल्यावर तोच कडवटपणा गोड झाला, असं तो सांगतो. तिथे किळस आहे, शरीर आहे, आणि करुणा ही आपोआप उगवणारी गोष्ट नाही याची कबुली आहे. अशा माणसाच्या नावावर कुष्ठरोगी नसलेली प्रार्थना जमा व्हावी!

शिवाय तिचा शेवट मला खटकतो. दिल्याने मिळतं, क्षमा केल्याने क्षमा होते. म्हणजे फिरून हिशेब माझ्याच खात्यावर. पसायदानातही भुकेला दिसत नाही. पण तिथे मागणारा सुरुवातीला आणि शेवटी डोकावतो, मधलं सारं मागणं जगासाठी आहे.

याच परंपरेत लूकच्या शुभवर्तमानातलं मरियेचं स्तोत्र आहे, कॅथलिक सायंप्रार्थनेत रोज म्हटलं जाणारं. त्यात मागणं जवळपास नाहीच. भुकेल्यांची पोटं भरली, श्रीमंत रिकाम्या हाताने परत गेले, सत्ताधारी आसनांवरून खाली आले: क्रियापदं भूतकाळी आहेत, आणि कर्ता देव आहे. एका गरीब गर्भार मुलीच्या तोंडी हा भूतकाळ म्हणजे धाडसच, कारण बाहेर रोमचं राज्य तसंच चालू आहे. मुख्य म्हणजे इथे कुणाला तरी काही गमवावं लागतं. शांतीच्या प्रार्थनेत कुणाचंच काही जात नाही. अंधार सरतो, पण दिव्याच्या तेलाचा खर्च कुणी करत नाही. म्हणून ती नोबेलच्या सभागृहातही अवघडल्याशिवाय म्हणता येते. समोर बसलेल्या प्रतिष्ठितांपुढे मरियेचं स्तोत्र म्हटलं असतं, तर काही जणांना खुर्चीत चुळबुळ करावी लागली असती.