काल्मिक प्राणिकथा आणि पंचतंत्राचा दावा

व्होल्गा नदी आणि कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरातील काल्मिक लोक बौद्धधर्मी असून त्यांची भाषा मंगोल कुळातील आहे. त्यांच्या प्राणिकथांचा विषय निघाला की भारतीय अभ्यासकाची लेखणी आपोआप पंचतंत्राकडे वळते. या ओढीस आधार नाही असे नाही. वेताळपंचविशीची चौकट 'सिद्धिकूर' या नावाने काल्मिकांपर्यंत पोहोचली होती. युल्ग या जर्मन पंडिताने तिच्यातील १३ कथा १८६६ मध्ये लाइपझिग येथे प्रसिद्ध केल्या. परंतु चौकट आली म्हणून पात्रेही आली, हे अनुमान घाईचे होय.

गरुडाचेच उदाहरण घ्यावे. मंगोल-काल्मिक परंपरेतील एका कथेत पक्ष्यांचा खान गरुडि हा, सर्वांत रुचकर मांस कोणाचे याचा शोध घेण्यास पाकोळी व गांधीलमाशी यांना धाडतो (काही पाठांत माशीच्या जागी डास येतो). माशी दिवसभर प्रत्येकाला डसून चव पाहते. पाकोळी आकाशात गात हिंडते. सर्वांत गोड मनुष्यच, हे माशीकडून कळताच पाकोळी तिची जीभ तोडून टाकते. खानापुढे माशीला केवळ गुणगुणता येते, आणि पाकोळी खुशाल सांगते, 'साप!' तेव्हापासून गरुडाचे भक्ष्य साप.

येथे संस्कृत शब्द आला, सर्पवैरही आले. वैराचे कारण मात्र आले नाही. आदिपर्वात ते कद्रू-विनतेच्या पणात आणि त्यातून ओढवलेल्या दास्यात आहे, म्हणजे कुळाच्या अपमानात आहे. स्टेपच्या कथेत ते एका चिमुकल्या पाखराच्या खोट्या साक्षीत आहे, आणि त्या खोटेपणाने वाचतो तो मनुष्य. याला उसनवारी म्हणावयाचे तर उसन्या शब्दाचा अर्थ नव्या भाषेत पालटतो तशी ही उसनवारी आहे.

दुसरा भेद नावांचा. पंचतंत्रातील कोल्हे करटक व दमनक, सिंह पिंगलक. विशेषनाम मिळताच प्राणी दरबारी होतो आणि सुभाषिते बोलू लागतो. येथील पाकोळी ही नुसती पाकोळीच. कथा नीती सांगत नाही. माशी का गुणगुणते, एवढेच सांगते.

लेखकाच्या हाती गेल्यावर प्राण्याचे काय होते, हे पुश्किनच्या 'कॅप्टनची मुलगी' (१८३६) या कादंबरीत दिसते. वृद्ध काल्मिक बाईकडून लहानपणी ऐकलेली म्हणून पुगाचोव्ह तीत एक कथा सांगतो. (हे पात्राचे म्हणणे आहे, संग्राहकाची नोंद नव्हे.) कावळा मढे खाऊन ३०० वर्षे जगतो, गरुड ताजे रक्त पिऊन अवघी ३३, गरुड एकदा मढे टोचून पाहतो आणि अल्पायुष्यच पत्करतो. यावर ग्रिन्योव्ह उत्तर देतो, की खून-लुटीवर जगणे हेच मढे टोचणे. पुगाचोव्ह चकित होऊन गप्प राहतो. प्राणी तेच राहिले. अर्थ मात्र सांगणारा व ऐकणारा यांच्यात वाटला गेला. माशीच्या गुणगुणीविषयी असा वाद संभवत नाही.

मराठी भाषांतरात मात्र या दोन्ही पक्ष्यांना 'गरुड' हा एकच शब्द पडतो. पुश्किनच्या रशियन शब्दात विष्णूच्या वाहनाचा मागमूसही नाही. मराठी वाचकास तो दिसल्यावाचून राहणार नाही, आणि पंचतंत्राचा दावा तेथूनच पुन्हा आत शिरतो.